भागाकाराआधी थोडं थांब

संत तुकाराम नगर, पिंपरी
रविवार, पहाटे

चि. सोनूस,


व्होल्टेज आणि करंट दिला की रेझिस्टन्स आणि पॉवर काढायची सगळी गणितं तासाभरात झाली, असं काल तू फोनवर सांगितलंस. वर म्हणालीस, "आजी, यात काही नाहीच गं, एक भागाकार आणि एक गुणाकार." ऐकून फार बरं वाटलं मला. तुझ्या आईलाही लगेच सांगितलं. पण फोनवर सगळं बोलणं होत नाही. तुझ्या मागे मैत्रिणींचा कालवा, त्यात माझा कान असा, म्हणून हे पत्र लिहायला बसले. वल्लभनगरच्या स्टँडवरून नाशिकची एसटी धरणारं कुणी ओळखीचं मिळालं की डिंकाच्या लाडवांच्या डब्याबरोबर पाठवून देईन. लाडू होस्टेलच्या खोलीतल्या सगळ्याजणींना वाट, हे मी लिहायला नकोच खरं तर. तुझा हात कधी आखडता नव्हता.

तू अभ्यास करशील का, खरं वागशील का, याची काळजी मला कधी वाटली नाही आणि वाटणारही नाही. मला वाटते ती एकच काळजी, तुझ्या घाईची. शाळेतही तुझं गणित बरोबर असायचं आणि तू प्रश्न अर्धाच वाचलेला असायचा. भोसरीच्या एमआयडीसीत मोटारींच्या वाइंडिंगवर माझी उमेदीची वर्षं गेली, तुझा बाबा चाकणला गाड्यांच्या बॉडी शॉपमध्ये आहे, आणि आता तू इलेक्ट्रिकलला गेलीस. म्हणजे हा भागाकार आपल्या घरात तिसऱ्या पिढीत आला. तो तुला येतो, हे मी धरूनच चालते. मला सांगायचं आहे ते भागाकाराच्या अगोदरचं: जो आकडा आपण भागायला घेतो तो कुठून आला, कधी मोजला आणि मोजताना ती वस्तू कशी होती, एवढं विचारण्यापुरतं थांबायचं.

आपली घरातली इस्त्रीच घे. तिच्या पट्टीवर २३० व्होल्ट, १००० वॅट असं छापलंय. हजाराला २३० ने भागलं की करंट आला, ४.३५ अँपिअर. आता २३० ला ४.३५ ने भागलं की रेझिस्टन्स आला, जवळजवळ ५३ ओहम. मग करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स करून बघ, फिरून हजार वॅट हातात येतात. मी नेहमी असं उलट्या वाटेनं ताडून बघते, आणि दोन्हीकडून जुळलं तरच वहीत पक्कं लिहिते. तूही ही सवय लावून घे बाई, मिनिटभराचं काम आहे.

पण हे झालं पट्टीवरच्या आकड्याचं. उन्हाळ्यात एखाद्या संध्याकाळी सगळ्या सोसायटीचे एसी सुरू झाले आणि समज, घरात व्होल्टेज १९० वर उतरलं, तर इस्त्री किती वॅटची? घाईत असलेलं माणूस पट्टी वाचून हजार म्हणून मोकळं होईल. आतली तार मात्र तीच, ५३ ओहमची. १९० ला ५३ ने भागलं की ३.६ अँपिअर, त्याला १९० ने गुणलं की साधारण ६८० वॅट. बघ हं, व्होल्टेज उतरलं सहाव्या हिश्श्यानं आणि उष्णता घटली जवळजवळ एक तृतीयांशानं. व्होल्टेज उतरलं की त्याच्या मागोमाग करंटही उतरतो, आणि पॉवर म्हणजे दोघांचा गुणाकार, म्हणून मार दोन्हीकडून बसतो. वर्गाचं सूत्र पाठ करण्यापेक्षा हे एकदा मनात नीट बसू दे, मग सूत्र विसरलीस तरी अडणार नाही.

आता दुसरी गंमत. माळ्यावरच्या खोक्यात जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब अजून आहे, दिवाळीला आलीस की काढून देईन. गणित कर: पेटलेल्या बल्बचा रेझिस्टन्स २३० चा वर्ग भागिले ६०, म्हणजे साधारण ८८० ओहम. आणि त्याच बल्बला, काढून हातात धरलेला असताना, मल्टिमीटर लाव. मीटर साठ-सत्तरच्या आसपास काहीतरी दाखवेल. एवढा फरक बघून मुलं मीटर आपटतात, सेल बदलतात, नाहीतर गणितच खोडतात. मीटरही खरं सांगतं आणि गणितही. टंगस्टनची तार पेटते तेव्हा अडीच हजार अंश सेल्सिअसच्या घरात गेलेली असते, आणि तापलेला धातू करंटला जास्त अडवतो. थंड तारेला विचारलंस, तिनं थंडपणीचं उत्तर दिलं. जुने बल्ब बटण दाबताक्षणीच का जायचे, तेही यातूनच कळतं. पहिल्या क्षणी तार थंड असते आणि नेहमीच्या दहापटीहून जास्त करंट आत घुसतो. इस्त्रीतली नायक्रोमची तार मात्र स्वभावानं शांत आहे, तापली तरी तिचा रेझिस्टन्स फारसा हलत नाही, म्हणून इस्त्रीचं गणित आणि इस्त्रीचं मीटर सहज जुळतात. कोणती तार कुठल्या स्वभावाची, हे माणसांसारखंच सहवासानं कळत जातं.

आमच्या कामात तर हे रोजचं होतं. मोटारीच्या स्टेटरमध्ये कॉइली भरून झाल्या, टाके बांधून झाले, व्हार्निश पाजून तो भट्टीतून बाहेर आला, की तिन्ही फेजचा रेझिस्टन्स मोजायचा आणि तिन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. एखादी फेज कमी दाखवायला लागली की समजायचं, कुठेतरी वेढे कमी पडलेत किंवा आत शॉर्ट आहे. पण भट्टीतून आलेल्या स्टेटरला लगेच मीटर लावायचं नाही, हे मला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यानं वाढतो. २५ अंशाला ५ ओहम दाखवणारी कॉइल ६५ अंशाला पावणेसहाच्या वर दाखवते, आणि कागदावरच्या आकड्याशी ताडून बघणारं माणूस चांगल्या कॉइलीत दोष शोधत बसतं. म्हणून स्टेटर रात्रभर निवू द्यायचे आणि सकाळच्या पाळीला, मशीनं सुरू व्हायच्या आत, शांतपणे रीडिंग घ्यायची. शेजारी तपमान लिहायचं. पहाटे उठायची माझी सवय लग्नाआधीची, पण तिचा खरा उपयोग मला तिथं झाला. सकाळी यंत्रं निवालेली असतात आणि डोकंही. तुझं प्रॅक्टिकल दुपारचं असलं तरी वही सकाळी उघडत जा, राणी. होस्टेलवर पहाटे उठणं जड जातं, ठाऊक आहे मला. अर्ध्या तासानं सुरुवात कर.

तुझ्या पुस्तकात ज्या ओहमचं नाव आहे त्याची गोष्ट तुला कुणी सांगितली की नाही? गेओर्ग ओहम, जर्मनीतल्या एर्लांगेनचा, १७८९ चा जन्म. बाप कुलपं करणारा कारागीर, शाळेत फारसा न गेलेला, पण स्वतः शिकून मुलांना गणित शिकवणारा. पुढे ओहम कलोनला शाळेत शिक्षक झाला आणि उरल्या वेळात तारांचे प्रयोग करू लागला. तेव्हाच्या बॅटऱ्या अशा, की प्रयोग चालू असतानाच त्यांचा जोर उतरायचा. त्या आकड्यांवरून १८२५ मध्ये त्यानं एक सूत्र छापलं, ते बरोबर नव्हतं. गडी खचला नाही. पोगेनडॉर्फ नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञानं त्याला सुचवलं, की बॅटरी सोड आणि दोन धातूंचा जोड वापर. मग त्यानं तांबं आणि बिस्मथ जोडले, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. उकळत्या पाण्याचं तपमान हलत नाही, बर्फाचं हलत नाही, म्हणून जोडात तयार होणारं व्होल्टेजही हलत नाही. मोजण्याच्या आधी त्यानं मोजायची वस्तू स्थिर केली, आणि मग तोच साधा भागाकार हाती आला, जो तू काल तासाभरात उरकलास. १८२७ मध्ये त्याचं पुस्तक निघालं तेव्हा त्याच्याच देशात त्याला मान मिळाला नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीनं कोप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये. चौदा वर्षं थांबला बिचारा. म्हणून म्हणते, तुझ्या एका ओळीच्या सूत्राला हात लावताना जरा हळू.

आता तुझ्या बाबाच्या कामाकडे ये. तो घरी आपल्या कामाचं फार बोलत नाही, म्हणून मीच सांगते. गाडीचा सांगाडा पत्र्याचा, आणि तो पत्रा काही हजार ठिकाणी स्पॉट वेल्डिंगनं जोडलेला असतो. वेल्डिंगची गन दोन पत्रे तांब्याच्या दोन टिपांमध्ये दाबते आणि मधून करंट सोडते, साधारण १०,००० अँपिअर. दचकलीस ना? दोन टिपांमधला सगळा रेझिस्टन्स हिशेबासाठी ०.०००१ ओहम धर, म्हणजे ओहमचा दहा हजारावा भाग. दोघांचा गुणाकार केला तर व्होल्टेज निघतं जेमतेम १. पॉवर १०,००० वॅट, म्हणजे आपल्या दहा इस्त्र्या, पण सेकंदाचा पाचवा हिस्साच. १०,००० गुणिले ०.२, म्हणजे २,००० ज्यूल. तेवढ्या उष्णतेत मसुराच्या डाळीएवढा पत्रा वितळतो आणि जोड बसतो. इस्त्रीत व्होल्टेज मोठं आणि करंट लहान, गनमध्ये करंट अफाट आणि व्होल्टेज नावापुरतं, पण सूत्र दोन्हीकडे तेच. संत तुकाराम नगरमधल्या स्वयंपाकघराच्या शेजारी असलेल्या इस्त्रीला आणि चाकणच्या वेल्डिंग गनला एकच नियम लागू पडतो, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि त्या गनची चाल बाबाला एकदा नीट विचार. करंट सोडायच्या आधी ती नुसती दाबून धरते, त्याला ते स्क्वीझ टाइम म्हणतात. मग करंट, तो वेल्ड टाइम. आणि करंट बंद झाल्यावरही ती सोडत नाही, जोड निवेपर्यंत धरून ठेवते, तो होल्ड टाइम. पत्रे नीट दाबले जायच्या आत करंट सोडला तर मधल्या फटीत रेझिस्टन्स भलताच वाढतो, वितळलेला धातू ठिणग्या होऊन उडतो आणि जोड पोकळ राहतो. सगळं काम सेकंदाच्या आत उरकतं, पण त्यातही थांबायला जागा ठेवलेली आहे. मग तुला एका गणितामागे दोन मिनिटं का जड व्हावीत?

जे गनमध्ये हवं असतं तेच घरात नको असतं, हेही लक्षात ठेव. समज, आपला गीझर २,००० वॅटचा, करंट ८.७ अँपिअर. त्याच्या सॉकेटमधला एक स्क्रू सैल झाला आणि त्या जोडात नुसता अर्धा ओहम वाढला. ८.७ चा वर्ग गुणिले ०.५, जवळजवळ ३८ वॅट. गीझरला त्याचं काही वाटत नाही, पाणी तापतंच. पण नखाएवढ्या जागेत ३८ वॅट कोंडले की प्लास्टिक पिवळं पडतं, मग काळं, मग वास यायला लागतो. प्लग हाताला गरम लागला तर "चालतंय की" म्हणू नये, मेन बंद करून बघावं. अशा सैल जोडांतून आग लागू शकते. स्क्रू आवळायला दमडी लागत नाही, आणि मला विचारशील तर काटकसरीची सुरुवात तिथूनच होते.

करंटच्या या वर्गामुळेच आपल्या स्टेशनवरून जाणाऱ्या मेट्रोच्या डोक्यावर २५,००० व्होल्टची तार आहे. ६ मार्च २०२२ ला पिंपरी ते फुगेवाडी गाडी सुरू झाली तेव्हा आपण दोघी पुलावरून बघत होतो, आठवतं? दहा लाख वॅट न्यायचे तर २५,००० व्होल्टला ४० अँपिअर पुरतात. हिंजवडीच्या मार्गाला तारेऐवजी ७५० व्होल्टचा तिसरा रूळ आहे, तिथं तेवढ्याच पॉवरला तेराशेवर अँपिअर लागतात, तेहतीस पट. आणि वाटेतला रेझिस्टन्स तेवढाच धरला तर उष्णता तेहतीसच्या वर्गानं वाढते, म्हणून तिथं सबस्टेशनं जवळ जवळ बांधावी लागतात. पुढच्या खेपेला मेट्रोनं येशील तेव्हा डोक्यावरची ती तार तेवढी बघ.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथं तुझा भागाकार फसवं उत्तर देतो, आणि ते माझ्या माहेरचं ठिकाण, मोटार. १ एचपीची सिंगल फेज मोटार चालू असताना टाँग टेस्टर समज ६ अँपिअर दाखवतो. २३० ला ६ ने भागलंस की ३८ ओहम. मोटार बंद करून, वायर सोडवून वाइंडिंगला मीटर लावलंस तर दोन-चार ओहमच मिळतील. राहिलेलं अडवणं तांब्याचं नसतं, ते कॉइलीतल्या चुंबकाचं आणि फिरणाऱ्या रोटरचं असतं. आणि २३० गुणिले ६ म्हणजे १,३८० हे वॅट नसतात, व्होल्ट-अँपिअर असतात. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला खऱ्या वॅटचा हिस्सा, ०.८ असेल तर खरे वॅट ११०० च्या आसपास, आणि त्यातले ७४६ शाफ्टवर कामाला येतात. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत कपॅसिटर पॅनल उगाच नसतात, ते हा पॉवर फॅक्टर सुधारायलाच असतात. महावितरणनं २०२० पासून उच्चदाबाच्या ग्राहकांना या व्होल्ट-अँपिअरवरच आकारणी सुरू केली, तेव्हा पॉवर फॅक्टर ढिला ठेवणाऱ्यांना तो बिलात दिसायला लागला. तुझ्या पुस्तकात हा धडा पुढे येईल. तोवर एवढंच मनात ठेव, की सरळ भागाकार हीटरचा, बल्बचा, बॅटरीच्या सर्किटचा. मोटार दिसली की पेन खाली ठेवून आधी विचार करायचा.

काटकसरीचा एक खेळ सांगते, मला फार आवडतो. आपल्या जिन्यातल्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. मीटरवर छापलेलं असतं, की एका युनिटला तो किती वेळा लुकलुकेल. पुष्कळ मीटरवर हा आकडा ३,२०० असतो. पहाटे घर झोपलेलं असताना घड्याळ घेऊन मोजायचं. मिनिटाला दोनदा लुकलुकला तर तासाला १२०, भागिले ३,२००, म्हणजे ०.०३७५ युनिट, म्हणजे ३७.५ वॅट. सगळं बंद करूनही एवढे वॅट जातात कुठं? सेट टॉप बॉक्स, भिंतीला विसरलेले चार्जर, टीव्हीचा झोपलेला दिवा. एकट्या इस्त्रीपायी तोच दिवा मिनिटाला त्रेपन्नदा लुकलुकतो. पैशांपेक्षा मला त्यातला हिशेब सुख देतो. काय खर्च होतंय हे कळलं की माणूस आपोआप जपून वापरतं, कुणाला रागवावं लागत नाही.

आता शेवटचं, आणि हे दोनदा वाच. रेझिस्टन्स मोजायचा तो करंट बंद करून, वायर सोडवूनच. वायर मेली आहे की नाही हे बघताना मीटर आधी चालू सॉकेटवर लावून ठीक आहे ना ते बघ, मग वायर तपास, मग पुन्हा सॉकेटवर बघ. मधेच मीटरनं दगा दिला असेल तर तेव्हाच कळतं. आणि आपल्या अंगालाही तोच भागाकार लागू आहे. ओल्या हाताचा रेझिस्टन्स हजार ओहमपर्यंत उतरतो. २३० भागिले १,०००, म्हणजे २३० मिलिअँपिअर. घरातला आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीलाच सप्लाय तोडतो, त्यावरून काय ते समज. हात पुसायला जो क्षण लागतो, तो कधी वाचवू नकोस. बाकी कशाला उशीर झाला तरी आजी रागावणार नाही.

तुला एक काम देते. होस्टेलवरच्या इस्त्रीचा रेझिस्टन्स, ती निवालेली आणि प्लग काढलेला असताना, मोजून कळव. मीटरवर आकडाच आला नाही तर आधी तिचं तपमानाचं चक्र फिरवून बघ, ते बंद असेल तर आतलं सर्किट तुटलेलं असतं. उत्तराच्या शेजारी तीन गोष्टी लिही: वेळ, खोलीचं तपमान आणि त्या दिवशी सॉकेटवर मिळालेलं व्होल्टेज, व्होल्टेज मात्र सरांना शेजारी उभं करूनच घे. मग त्यावरून पॉवर काढ आणि पट्टीशी ताडून बघ. नाही जुळली तर खोडू नकोस, का जुळली नाही ते लिही. उत्तराची मला घाई नाही, पुढच्या रविवारपर्यंत सावकाश पाठव.

वेळेवर जेवत जा, रात्री जागू नकोस. आई-बाबा खुशाल आहेत.

तुझी,
आजी